तांबडीची पट्टी

बाबांच्या तांबड्या कोंबडीच्या तळपायाला गाठ आली होती. बाबा रोज तिला मांडीवर घेत, पाय मिठाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवत, मग मलम लावून पट्टी बांधत. माहेरी आलेल्या लेकीला दारातच कुजका वास आला.

"बाबा, पाय सडलाय तिचा, आणि तुम्ही नुसते लाड करत बसलाय."

"छे गं! सोडून बघ की पट्टी."

लेकीने नाक मुरडत पट्टी सोडली. पाय स्वच्छ होता. जखमेवर नवी, गुलाबी कातडी आली होती. कोंबडी तिच्या हातून निसटली आणि अंगणात पळाली. वास मात्र खोलीतच राहिला.

"उगाच घाबरतेस," असं म्हणत बाबा चहा टाकायला उठले. फरशीवर त्यांच्या मोज्याचा ओला, काळपट ठसा उमटला.

"बाबा, थांबा! पायाला काय झालंय तुमच्या?"

"मला काय धाड भरलीये?" बाबा हसले. "शुगर निघाल्यापासून तळपाय नुसते जळायचे. आता बघ, काही म्हणजे काही जाणवत नाही."