बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी

"आजून कुटा, आत्याबाई. सैल ऱ्हायला तर नुसता धूर करील," सोनुबाई बाजेवरून सासूला म्हणाली.

गोदूबाई पत्र्याच्या डब्यात लाकडाचा भुसा कुटत होती. मधोमध उभी बाटली, भोवती भुसा. गच्च बसला की बाटली अलगद उपसायची आणि खालच्या तोंडातून विस्तव सारायचा. मग डबा तासन्‌तास धुमसत राहतो. गजानं नेरळच्या वखारीतून ही शेगडी आणली, तेव्हा म्हातारीनं लेकापुढं हात जोडले होते. "नको रं गजा, ही घरात नको." गजानं बायकोकडं पाहिलं.

"पायजे," सोनुबाई म्हणाली. "आनि भरायची आत्याबाईंनीच."

हा सूड तिनं पाच वर्षं पोटात जपला होता. तिची पहिली मुलगी याच खोलीत झाली, ऐन पौषात. मूठभर जीव. पोशीर गावच्या गारठ्यात सोनुबाईनं शेगडीसाठी पदर पसरला होता. गावात कुठल्याही बाळंतिणीला शेक मिळतो. या सासूनं एक निखारा आत येऊ दिला नाही. पोर पाचवी पुजायच्या आधीच काकडून गेली. आता मुलगा झाला होता, घरात सोनुबाईचा शब्द चालत होता आणि म्हातारीला राबवताना तिला भारी गोड वाटत होतं. उगाच खोटं कशाला बोलायचं?

म्हातारीही काही कमी नव्हती. येता-जाता खिडकी किलकिली करायची. सोनुबाई ती लावून घ्यायची, फटीत चिंध्या कोंबायची. शेवटी तिनं सासूचं अंथरूण पडवीत टाकायला लावलं. "कुडकुडू दे जरा, कळू दे," ती गजाला म्हणाली. आत ऊब अशी, की डोकं जड होऊन डोळे आपोआप मिटायचे. त्या रात्री गजा नेरळला मुक्कामाला होता. बाळ तर एकदासुद्धा रडलं नाही.

उजाडता उजाडता दार धाडकन उघडलं. गोदूबाईनं अख्खी कळशी शेगडीवर ओतली, चिंध्या उपसून खिडकी सताड उघडली. बाळाला उचलून तिनं वाऱ्यात धरलं, तळपाय चोळले. बऱ्याच वेळानं ते कण्हलं, मग रडलं.

सोनुबाई भेलकांडत उठली. तिनं बाळ हिसकावून घेतलं.

"एक थंडीनं मारलंत, आता हेबी? कसं गाढ निजलं हुतं! ते येऊ देत, आज तुमाला घराभायेर काढते का नाय बघा!"

गोदूबाई ओल्या भुशात मटकन बसली.

"काढ. माजा पयलाबी असाच गाढ निजला हुता. दार लावल्यालं, शेगडी मीच भरल्याली. उठलाच नाय गं. म्हनून तुला निखारा दिला नाय."