गुरुवारचं एक मिनिट

“एक मिनिट बोलायचं, बस्स,” राजदूत म्हणाला. “तुमच्या सभागृहात त्याहून जास्त मिळतं तरी कुणाला?”

विदा पॉडगॉर्निकने कॉफीला हात लावला नव्हता. खिडकीखालून स्ट्रासबुर्गच्या कालव्यात पर्यटकांची नाव चालली होती. कारादानचा राजदूत बेकताश समोरचा केक चवीने खात होता.

“इल्दार मेर्गेनची तब्येत बरी नाही. तुमच्या कानावर असेलच.”

होतं ना. इल्दार होता त्या तुरुंगातून सुटलेल्या एकाने तिला सांगितलं होतं: खोकताना रक्त पडतं, हा हिवाळा काही काढत नाही तो. इल्दार पत्रकार. सरकारी खाणीत माणसं कशी गाडली गेली ते त्याने छापलं, म्हणून आत. त्याच्या सुटकेचा ठराव उद्या युरोपीय संसदेपुढे येणार होता आणि तिथली खासदार म्हणून तो विदानेच मांडला होता.

“उद्या त्याच ठरावाच्या विरोधात बोला,” बेकताश म्हणाला. “कारादान सुधारतोय, म्हणा. शनिवारी आमच्या राजधानीत या आणि त्याला शेजारी बसवून विमानाने घेऊन जा. फक्त यातलं अवाक्षर बाहेर फुटता कामा नये. फुटलं, तर मी तुम्हाला भेटलोच नव्हतो.”

“माझ्या बोलण्याने काय होणार? ठराव तर मंजूर होणारच.”

“होऊ दे की. ठराव कोण वाचतं? इथे तुमचं कुणी ऐकत नसेल बाई, आमच्याकडे ऐकतात.”

तेही खोटं नव्हतं. कारादानवरचं तिचं प्रत्येक भाषण एकाच वाक्याने संपायचं: ‘कारादान सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवू नका.’ बंदी असलेल्या एका रेडिओवरून ते तिथल्या भाषेत जायचं आणि लोक चोरून ऐकायचे, अगदी तुरुंगातसुद्धा. इथले सहकारी मात्र तिची टिंगल करत. “जेवायच्या आधी प्रार्थनेऐवजी हेच म्हणतेस ना गं?” दुआर्ते विचारायचा.

आणि आता तिनेच त्या शब्दावर विश्वास ठेवायचा होता. इकडे आड, तिकडे विहीर. पण आडात निदान आपण एकटेच पडतो, असा तिने विचार केला आणि होकार दिला.

संध्याकाळी तिची सहायक तिन्कारा भाषणाचा कागद घेऊन आली. ब्रसेल्सच्या कार्यालयात परत जायची फायलींची पेटी दाराशी होती, तिच्यावरच ती बसली.

“बाई, मला चुकून भलताच कागद आलाय.”

“तोच आहे.”

“‘आश्वासक पावलं’? हे तुम्ही लिहिलंत?”

“हो.”

“धमकी दिली का कुणी?”

“नाही.”

“मग काय दिलंय?”

विदाला वाटलं, हिच्यापुढे सगळं ओकून टाकावं. किती वर्षांची सोबत! स्लोव्हेनियातल्या एकाच खोऱ्यातल्या दोघी. पण हात दगडाखाली होता. ती म्हणाली, “वाचून बघ जरा, मिनिटात बसतंय का.”

“बघा तुमचं तुम्ही,” तिन्कारा म्हणाली. गळ्यातलं ओळखपत्र काढून तिने पेटीवर ठेवलं आणि निघून गेली. विदाला रडू आलं, तेही तिने गिळलं.

गुरुवारी सभागृहात माणसांपेक्षा खुर्च्याच जास्त. होते त्यांच्या पायाशी प्रवासाच्या बॅगा. गुरुवारी सगळ्यांचं लक्ष गाडीच्या वेळेवर असतं.

“लवकर आटप गं,” शेजारून दुआर्ते कुजबुजला. ठराव दोघांनी मिळूनच लिहिला होता. “तुझं ते वाक्य टाक आणि मोकळी हो.”

विदा उभी राहिली. शनिवारी विमानात बसल्याबसल्या इल्दारला काय सांगायचं, ते तिने घोकून ठेवलं होतं. त्यातलं पहिलं वाक्य होतं, ‘मी खोटं बोलले, तुझ्यासाठी.’ त्याच आधारावर तिने कागद वाचायला सुरुवात केली. कारादानने आश्वासक पावलं उचलली आहेत. या ठरावाची गरज नाही. त्या सरकारचा शब्द आपण मानला पाहिजे.

डोकी वर झाली, पण तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. सगळे वरच्या काचेच्या खोल्यांकडे बघू लागले. तिथे दुभाषे बसतात. भाषांतरात गफलत झाली, असंच सगळ्यांनी धरलं. कुणी कानातलं यंत्र ठोकून पाहिलं, कुणी दुसऱ्या भाषेचं बटण दाबलं. दुसऱ्या भाषेतही तेच निघालं.

“दुभाषी चुकली ना?” ती बसल्यावर दुआर्तेने विचारलं.

“नाही.”

तो उठला. बॅग उचलून दोन रांगा मागे जाऊन बसला. ठराव मंजूर झाला. विदाने विरोधात मत दिलं.

शनिवारी कारादानच्या विमानतळावर ती दोन तिकिटं घेऊन उभी होती. इल्दारला थंडी वाजेल म्हणून घरून लोकरीची शाल आणली होती. बेकताश आला, तो एकटाच.

“कुठेय तो?”

“तुरुंगात.”

“तुम्ही शब्द दिला होता!”

“पाळलाय. कालपासून कोठडीचं दार सताड उघडं आहे. डॉक्टरही बाहेर थांबलाय. तोच बाहेर येत नाही. तुमचं भाषण ऐकलं त्याने. म्हणतो, त्या बाईबरोबर मी स्वर्गातसुद्धा जाणार नाही.”

“मला नेऊन भेटवा त्याला.”

“विचारलं. तोंडसुद्धा बघणार नाही म्हणाला. आणि ओढून आणावं, तर पुन्हा तुमचे ठराव आहेतच.”

“अहो, मग खरं सांगा ना त्याला! मी कशासाठी बोलले ते सांगा!”

बेकताश पहिल्यांदाच थकलेला दिसला.

“सगळं सांगितलं, बाई. मी स्वतः गेलो. आईची शपथ घेतली. तो हसला, आणि तुमचंच वाक्य मला ऐकवलं. कारादान सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवू नका.”