ख्वाजा मिस्त्रीचं नाक

"ते मशीन डिकीतच राहू दे," ख्वाजा मिस्त्री म्हणाला. "माझ्या दारात नाक चालतं."

संग्रामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टाकीतली पेट्रोलची वाफ कुठून सुटते हे धूर सोडून शोधणारं मशीन शोरूममध्ये फक्त त्यालाच चालवता यायचं. पण या गाडीचा, गळतीचा इशारा देणारा पिवळा दिवा त्यानं तीनदा विझवला, तरी पुन्हा लागला. आता परत लागला तर उद्यापासून येऊ नकोस, असं मॅनेजरनं तोंडावर सुनावलं होतं. म्हणून चाचणीसाठी जोतिबाचा घाट चढउतार करून तापलेली गाडी त्यानं नाइलाजानं शिवाजी पेठेत आणली होती. नुसत्या वासावर गळती सांगणारा म्हणून हा म्हातारा गावभर गाजलेला.

"वासावर माझा इश्वास न्हाय, चाचा."

"नसू दे की. चहा आल्याबिगर मी गाडीला हात लावत न्हाय."

मग्रुरी तरी किती!

चाचाची बायको मेहमुदा दोन ग्लास घेऊन बाहेर आली. "जायला वाट तरी ठेवायची," असं पुटपुटत तिनं गाडीला अख्खा वळसा घातला. संग्रामचा चहा बॉनेटवर ठेवला, चाचाचा मागच्या चाकाशी फरशीवर.

चहा संपवून चाचानं डोळे मिटले. हुंगत हुंगत गाडीभोवती फिरला आणि मागच्या चाकाशी आडवा झाला. रबरी नळीला त्यानं साबणाचं पाणी लावलं. बारीक बुडबुडे आले.

"केसाएवढी चीर हाय. गाडी तापली की उघडती. तू थंड गाडीला धूर पाजत बसलास."

नळी बदलली. नोकरी वाचली, पण संग्रामची खुमखुमी जाईना. चाचा पाठमोरा हत्यारं आवरत होता, तेवढ्यात संग्रामनं कट्ट्यावरचा पाण्याचा तांब्या रिकामा करून त्यात डब्यातलं पेट्रोल ओतलं, हाताचं ग्रीस धुतलं आणि उरलेल्या पेट्रोलसकट तांब्या परत ठेवला.

"उद्या शोरूमला या. धा गाड्या उभ्या करतो. सगळ्यांम्होरं हुंगून दाखवा."

"न्हाय येत जा!" चाचाचा आवाज चढला. "गाडी माझ्या दारात येती. तीस वर्षं ह्या नाकानं पेठ गाजवली, तुझ्या मॅनेजरला इचार!"

बोलून घसा कोरडा पडला. त्यानं तांब्या उचलून थेट तोंडाला नेला.

"पेट्रोल हाय त्यात!" घरातून धावत येऊन मेहमुदानं तांब्या उडवला.

चाचा मान खाली घालून उभा राहिला. संग्रामची नजर मागच्या चाकाकडे गेली. फरशीवर मेहमुदानं ठेवलेल्या चाचाच्या ग्लासाचा चिकट गोल उमटला होता, बरोबर त्या नळीखाली.