हातभर दोरी

आपली फुलं आपणच तोडून घ्यायची, असा तो मळा होता. फाटकाशी मालकीणबाईंनी आम्हाला एक बादली दिली. कात्र्या हरवतात म्हणून बादलीच्या कडीलाच हातभर दोरीने कात्री बांधलेली होती. बादली बाबांनी घेतली आणि कात्री आईच्या हातात दिली. "मी दाखवतो, तू तोड."

मग बाबा लाल फुलांच्या वाफ्यातून पुढे आणि आई हातभर मागे.

"अहो, त्या टोकाला निळी दिसतायत."

"निळी काय करायचीत? आपल्याकडे लालच शोभतात. हे घे. अगं, देठ लांब ठेव जरा!"

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. एका हातात बादली तशीच धरून ते वाफ्यात उभ्या उभ्या बोलू लागले. मी आईजवळ गेले.

"निळी हवीयत ना तुला? मग जा की."

"कशी जाऊ? दोरी पुरत नाही गं."

"आई, कात्री तुझ्याच हातात आहे."

आईने कात्रीकडे पाहिलं, मग दोरीकडे. "काहीतरीच तुझं," म्हणत हसली.

बाबांचं बोलणं संपलं. ते पुढे निघाले. दोरीला ताण बसायच्या आत आईने पाऊल उचललं होतं.