ऋणनिर्देश

‘उपहासात्मक कादंबरीतली खुशामत’ हा ऋचाचा पीएच.डी.चा विषय. गेली चार वर्षं ती एकेक प्रकरण तिचे मार्गदर्शक खांबेटे सरांकडे नेऊन देत होती आणि प्रत्येक प्रकरण ‘उत्तम’ असा शेरा घेऊन परत येत होतं. शुक्रवारी मुदत संपणार होती. सरांची सही मिळाली की प्रबंध अप्पा बळवंत चौकात बाइंडिंगला टाकायचा, एवढंच उरलं होतं.

सरांनी ऋणनिर्देश पाहिला आणि पेनाला टोपण लावलं.

“आम्हाला एक ओळ, आणि ग्रंथपालांना अख्खा परिच्छेद?”

“सर, त्यांनी जुने अंक शोधून दिले होते...”

“मग सहीही त्यांचीच घ्या.”

ऋचा ग्रंथालयात जाऊन बसली. रागाच्या भरात तिने तिसरं प्रकरण काढलं. कादंबरीतला लाळघोट्या कारकून बढतीसाठी साहेबांपुढे जे भाषण ठोकतो, ते तिथे पूर्ण दिलेलं होतं. ‘आपल्या सावलीत राहूनच माझी उंची वाढली’ छापाचं. त्यातला पोकळपणा उलगडायला तिने अकरा पानं खर्ची घातली होती. तिने ते भाषण जसंच्या तसं उचलून ऋणनिर्देशात घातलं, फक्त ‘साहेब’च्या जागी ‘सर’ केलं. सरांनी ओळखलं तर चार वर्षं पाण्यात जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सरांनी पान सावकाश वाचलं, चष्मा काढून डोळे टिपले आणि सही केली.

“बघा, मनापासून लिहिलं की कसं उतरतं!”

 

चार वर्षांत सरांनी तिचं शेवटपर्यंत वाचलेलं ते पहिलंच पान होतं.