न सांगितलेला मासा

"मी आमलेट सांगितलं होतं," गिऱ्हाईक म्हणालं.

मावशींनी ताटलीकडे पाहिलं. ताटलीत भाजलेला मासा होता, वर लिंबाची फोड ठेवलेली, अगदी नीटनेटका. आणताना त्यांना तीळभरही शंका आली नव्हती. नवीन गिऱ्हाईक नव्या चपलेसारखं असतं, कुठे ना कुठे चावतंच, हे त्यांना पाठ होतं. पण हा माणूस उगाच कुरकुरणाऱ्यांतला दिसत नव्हता. आमलेटच सांगितलं असणार त्याने.

या जुन्या हॉटेलात जेवण वाढता वाढता त्या सगळ्यांच्या आधी ताई आणि मग मावशी झाल्या होत्या. ऑर्डर म्हणून कधी कागदावर उतरवली नाही. सगळ्या टेबलांचं डोक्यात ठेवायचं, ज्याचं त्याच्यापुढे नेऊन ठेवायचं, आणि वर "तुमच्यात मीठ बेताचं घालायला सांगितलंय हं" असंही ऐकवायचं. मालक ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला मिरवून सांगायचा. तोच मालक आता गल्ल्यावरून मान उंच करून बघत होता. राग त्याच्या नाकाच्या शेंड्यावर. कप फुटले म्हणून भांडी घासणाऱ्याला त्याने नुकतंच तडकाफडकी घरी बसवलं होतं.

"काय झालं तिकडे?"

हॉटेलातले सगळे चमचे थांबले.

"काही नाही हो, मालक!" शेजारच्या टेबलावरचा शिंपी उठून उभा राहिला. "मासा माझाय. मावशींनी बरोबर आणला होता, मीच मधल्या मधे यांचं आमलेट ओढून घेतलं. भुकेपुढे मला काही सुचत नाही." बोलता बोलता त्याने ताटल्यांची अदलाबदल केलीसुद्धा.

"मग ठीक आहे," गिऱ्हाईक म्हणालं आणि आमलेटचा घास घेऊन खुलून हसलं. "सर्व्हिस मात्र झटपट आहे तुमची."

मालक खूश होऊन पुन्हा वर्तमानपत्रात शिरला.

शिंप्याने माशाचा तुकडा तोंडात टाकला, न चावताच गिळला आणि घाईघाईने वर पाणी प्यायला. मावशी बघतच राहिल्या. शिंप्याला माशाच्या नुसत्या वासानेही मळमळतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? शेजारी कोणी मासा मागवला, तर त्याच त्याला उठवून रस्त्याकडच्या खिडकीपाशी बसवायच्या. मग मासा सांगितला कोणी? त्यांनी एकेक टेबल आठवून पाहिलं. आज कोणीच मासा सांगितला नव्हता.

आता दुसऱ्यांच्या ताटल्या बघू नयेत असं त्यांना फार वाटलं. तरी नजर गेलीच. कोपऱ्यातल्या नर्सबाई नेहमी सूप घ्यायच्या. त्यांच्यापुढे टोस्ट होता.

"आज मला टोस्टच खावासा वाटत होता, मावशी," नर्सबाई लगबगीने म्हणाल्या. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं.

पलीकडे मास्तर चहा ढवळत होते. डॉक्टरांनी त्यांची साखर कधीचीच बंद केली होती, आणि कपाच्या तळाशी साखरेचा थर दिसत होता. मावशी टेबल पुसायचं निमित्त करून जवळ गेल्या.

"मास्तर, तुमचा चहा बिनसाखरेचा ना?"

"छान झालाय चहा."

"हे कधीपासून चाललंय?" त्यांनी फडकं तसंच टेबलावर ठेवलं. "मास्तर, खरं सांगा मला."

मास्तरांनी त्यांच्या देखत आणखी एक घोट घेतला. "तुम्ही जरा बसा बघू," एवढंच ते म्हणाले.

मावशी घाबरल्या. नोकरीची भीती होतीच, पण तिच्या मागे दुसरी, तिच्याहून थोरली भीती उभी होती. त्यांच्या आईचं भाजीत दोनदा मीठ पडण्यापासून सुरू झालं होतं. घरचे सगळे ती भाजी निमूट खायचे, मावशीसुद्धा. आणि शेवटी शेवटी आई त्यांनाच विचारायची, "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?"

तेवढ्यात दार ढकलून एक ट्रकवाला आणि त्याची बायको आत आली. महिन्यातून एखाद्या वेळी वाट वाकडी करून येणारी ही मंडळी. ती आचाऱ्याच्या खिडकीलगतच्या टेबलावर बसली.

"मला सूप, हिला उकडलेली अंडी आणि दोघांना टोस्ट," ट्रकवाला म्हणाला.

सूप, अंडी, दोन टोस्ट. मावशींनी शाळेत पाढे म्हणावेत तसं मनात घोकायला घेतलं. सूप, अंडी, दोन टोस्ट. जमतंय की! उगाच जिवाला घोर लावून घेतला. सूप, अंडी...

"मावशी, दार लोटा आधी. वारा येतोय," मालक वर्तमानपत्रामागून ओरडला.

त्यांनी कडी धरून दार ओढून घेतलं आणि त्या लगबगीने आचाऱ्याच्या खिडकीशी आल्या. आत तवा तापून धुरावला होता.

"बोला, मावशी," आचारी म्हणाला.

मावशींनी तोंड उघडलं. कडीचा गारवा अजून बोटांना जाणवत होता. दार लावलेलं लख्ख आठवत होतं. त्याच्या आधीचं काहीच नव्हतं.

"बोला ना," आचारी पुन्हा म्हणाला. या वेळी त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

त्या वळल्या. ट्रकवाला मान खाली घालून टेबलावरची रेघ नखाने खरवडत होता. त्याच्या बायकोने एकदा गल्ल्याकडे पाहून घेतलं, मग पुढे वाकून, तापातल्या लेकराशी बोलावं तशा हलक्या आवाजात ती बोलली. ती आत्ता आली होती. मघाचं तिने काहीच पाहिलं नव्हतं.

"काय असेल ते आणा, मावशी. आम्हाला सगळं चालतं."