भाग न जाणारा आकडा

आतल्या खोलीतून बायकोच्या हसण्याचा आवाज आला आणि स्वयंपाकघरात तिची गोळी चमच्याखाली चुरडणाऱ्या मिस्त्रीचा हात थांबला. अंथरूण धरल्यापासून ती हसली नव्हती. त्याने काय काय करून पाहिलं होतं. गिऱ्हाइकांच्या नकला केल्या, शिलाई मशीनमध्ये अडकलेल्या टेलरच्या मिशीची गोष्ट दोनदा सांगितली. ती नुसतं 'छान' म्हणायची.

आज तिला हसवलं ते प्राध्यापकाने, तिच्या कॉलेजातल्या वर्गमित्राने. तो तिला 'अगं' म्हणत होता आणि ती त्याला 'अरे'. लग्नाला इतकी वर्षं झाली, मिस्त्री अजून 'अहो'च होता.

तो औषध घेऊन आत गेला. प्राध्यापक उशाशी खुर्ची ओढून बसला होता. कागदावर त्याने आकडा लिहिला होता, ७३९३९१३३. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस. त्याने मिस्त्रीलाही समजावून सांगितलं. ही मूळ संख्या, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानेच भाग जात नाही. शेवटचा अंक खोडला तर जी उरते तिलाही जात नाही. पुन्हा खोडा, तरी नाही. खोडत खोडत नुसता सात उरेपर्यंत ती कुणाला दाद देत नाही.

"आणि अशी याहून मोठी दुसरी नाहीच," बायको म्हणाली. तिच्या गालांवर रंग आला होता.

"वा," मिस्त्री म्हणाला. "औषध घे."

उद्या नवा आकडा आणतो, असं सांगून प्राध्यापक गेला. मिस्त्रीने त्याच्यामागे दार जरा जोरातच लावलं. परत येऊन तो थेट ऑक्सिजनच्या सिलिंडरवरचा नंबर वाचायला वाकला.

"हा बघ. चार लाख अठरा हजार पाचशे सत्तावीस."

"तीनाने जातो," ती डोळे न उघडता म्हणाली.

त्याने विजेच्या मीटरवरचा नंबर वाचून आणला. तो पाचाने गेला. फ्रिजमागचा सम निघाला. पंख्यावरच्या आकड्याला ती जराशी थांबली, म्हणून तो खूश झाला, तर तो अकराने गेला.

"अहो, बसा आता. त्याने तरी कुठे शोधलाय? पुस्तकातून आणलाय."

"माझ्याकडे पुस्तक नाही," म्हणत तो बाहेरच्या खोलीत गेला. दुरुस्तीला आलेलं एक जुनं शिलाई मशीन त्याने आडवं केलं, बुडाशी कोरलेल्या नंबरावर साचलेलं काळं वंगण नखाने खरवडलं आणि विसरू नये म्हणून आकडा पुटपुटतच परत आला.

"एकसष्ट लाख सदतीस हजार एकेचाळीस."

तिचे डोळे मिटलेलेच होते. झोप लागली असं वाटून तो चादर नीट करायला वाकला, तेव्हा तिचे ओठ हलताना दिसले. तीनाने नाही. साताने नाही. अकराने नाही. थोड्या वेळाने तिने उशी उंच करायला सांगितली, पेन्सिल मागितली. प्राध्यापकाचा कागद उलटा करून ती कोऱ्या बाजूवर भागाकार मांडू लागली.

तो स्टुलावर बसून राहिला. चहाची वेळ टळून गेली. तेराने नाही. सतराने नाही.

"उद्या तो आला ना," कागदावरची नजर न काढता ती म्हणाली, "तर दारातच सांगा. ती कामात आहे म्हणावं."